पेट्रोलच्या टाकीतला पंप बदलायला टाकी उतरवताय? या चुका टाळा

गाडी सेल्फ घेते, पण चालू होत नाही. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद येणारी 'झूं' पण गायब. गिऱ्हाईक दारातूनच सांगत येतं, "पंप गेला." आणि आपण लगेच टाकी उतरवायला घेतो. पहिली चूक तीच.

आधी फ्यूज आणि रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा. तिथं काही सापडलं नाही तर पंपाच्या कनेक्टरला 12 व्होल्टचा टेस्टिंग बल्ब लावा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. बल्ब दोन सेकंद लागला आणि तरी पंप गप्प असेल तर पंप मेला. बल्ब लागलाच नाही तर दोष वायरीत किंवा त्याच्याही मागे. बल्बची दोन्ही टोकं पंपाच्याच दोन पिनांना लावायची. एक टोक बॉडीला टेकवलं की फक्त सप्लाय कळतो, अर्थिंगची (बॉडीकडे परत जाणारी) वायर धड आहे का ते कळत नाही. मी एकदा असंच केलं. टाकी उतरवली, नवा पंप बसवला, टाकी चढवली, गाडी तशीच थंड. संध्याकाळी कार्पेट उचललं तर अर्थचा स्क्रू गंजून पावडर झालेला. मजुरी मागायला तोंड राहिलं नाही.

दुसरं, मागची सीट उचलून बघा. बऱ्याच गाड्यांना तिथं चार स्क्रूचं झाकण असतं, पंप वरूनच निघतो, टाकीला हात लावायची गरज नाही. झाकण नसेल तर काही बहाद्दर ग्राइंडर घेऊन पत्रा कापतात. खाली वाफेनं भरलेली टाकी आणि वर ठिणग्यांचा पाऊस! असलं काम कुणी सुचवलं तर गाडी ढकलत परत न्या.

टाकी उतरवायचीच असेल तर आधी लाइनचं प्रेशर काढा, मग बॅटरीची निगेटिव्ह. उलटं करू नका. इंजिन चालू होत असेल तर पंपाचा रिले काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. होतच नसेल तर पाइप सोडताना भोवती फडकं गुंडाळा. पंप बंद असला तरी लाइनमध्ये प्रेशर राहू शकतं, आणि डोळ्यात गेलेलं पेट्रोल विसरता येत नाही.

भरलेल्या टाकीला हात घालू नका. 40 लिटर पेट्रोल म्हणजे 30 किलोच्या आसपास वजन, आणि ते स्थिर राहत नाही, जॅकवर एका बाजूला धावतं. पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये, कॅन जमिनीवर ठेवून काढा. प्लॅस्टिकच्या बादलीत स्टॅटिकची ठिणगी पडू शकते. तोंडानं नळी ओढायची सवय तर सोडाच. आणि खड्ड्यात उतरून हे काम नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचून बसते आणि उणे 40 अंशाच्या आसपासही पेटू शकते. मग सांगलीच्या मे महिन्यातल्या दुपारचं काय सांगावं! आमच्या शेजारी वेल्डिंगवाला आहे. टाकी उघडायच्या दिवशी मी आधी त्याला चहा पाजतो आणि मशीन बंद करायला लावतो.

टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या बोल्टांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गॅसची ज्योत अजिबात नाही. फिलर (पेट्रोल भरायची) आणि ब्रीदर (हवा जायची) या नळ्या आधी सोडायच्या, मग जॅकवर लाकडी फळी ठेवून टाकी चार बोटं खाली घ्यायची आणि वरचे पाइप व कनेक्टर काढायचे. घाईत टाकी खाली ओढली की पंपाच्या झाकणावरचं प्लॅस्टिकचं निपल तुटतं, आणि कधीकधी त्या निपलसाठी अख्खा संच घ्यावा लागतो.

पंपाला टाकीवर धरून ठेवणारी लॉक रिंग उघडण्याआधी वरची माती ब्रशनं झाडा, नाहीतर ती सरळ टाकीत. रिंगला लोखंडी छिन्नी नको, पितळी पंच आणि हलका हातोडा. तिच्याखालची जुनी ओ-रिंग (रबरी कडी) पेट्रोलनं फुगते, परत बसत नाही. नवी आणा, सिलिकॉन लावून वेळ मारून नेऊ नका. पेट्रोलमध्ये ते टिकत नाही, त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात. पंप आत सोडताना फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणाऱ्या तुकड्याचा) दांडा वाकला की पेट्रोलचा काटा खोटं बोलतो. माझ्याच हातून वाकला होता. काटा निम्म्यावर होता, आणि गाडी अंकलीच्या पुलावर कोरडी.

आता आपल्याकडची खास भानगड. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात कृष्णेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या पुढं सेकंडहँड विकल्या गेल्या. काहींच्या टाकीच्या तळाला अजून बारीक गाळ आहे. त्यात नवा पंप टाकला की जाळी चोंदून तोही जातो. शिवाय आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात, आणि पंप ओढतो तळातूनच. काढलेलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घालून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल परत ओतू नका आणि टाकी आतून पुसून काढा.

सगळं जोडल्यावर दहा लिटर घाला, सेल्फ न मारता चावी चार-पाच वेळा चालू-बंद करा, बॅटरीचा उजेड धरून प्रत्येक जोड बघा. पण वरच्या ओ-रिंगची गळती अर्ध्या टाकीला कळत नाही. टाकी फुल करा, हरिपूरपर्यंत एक फेरी मारून या आणि गाडीखाली वाकून वास घ्या. वास आला तर पैसे घेऊ नका, टाकी परत उतरवा.