शिळी कमांड आणि जळालेलं सील: फॉग-क्लाउड जोडताना या चुका टाळा

अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीच्या बागेत रात्री दोनला मोटार आपोआप सुरू झाली. विहिरीत पाणी नव्हतं. कोरडी फिरली, सील जळालं. प्रोग्रॅम माझाच होता.

झालं असं, की दुपारी मालकाने मोबाईलवरून 'चालू' दाबलं, पण शेतातला राऊटर बंद. कमांड क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटपलीकडच्या दूरच्या संगणकावरच्या, ब्रोकरकडे (संदेश पोचवणारा प्रोग्रॅम) अडकून पडली. रात्री लाईट आली, राऊटर उठला आणि शेतातल्या डब्याने (मोटार चालवणारा जागेवरचा छोटा संगणक, यालाच फॉग म्हणायचं) ती शिळी कमांड इमानदारीने पाळली.

एमक्यूटीटी ही उपकरणांनी ब्रोकरमार्फत संदेश पाठवायची पद्धत. तिची आवृत्ती ५ वापरत असाल तर प्रत्येक कमांडला मुदत घाला. जुनी आवृत्ती असेल तर कमांडमध्येच वेळ लिहा. पाच मिनिटांपेक्षा जुनी दिसली की डब्याने ती फेकून द्यावी. कमांडला 'रिटेन' (शेवटचा संदेश ब्रोकरने जपून ठेवायची खूण) कधीच लावू नका. आणि 'स्थिती उलटी कर' असली कमांड नको: क्यूओएस १ मध्ये, म्हणजे 'किमान एकदा तरी पोचव' या पातळीवर, तोच संदेश दोनदा येऊ शकतो, मग चालू झालेली मोटार लगेच बंद. सरळ 'चालू' किंवा 'बंद' म्हणा.

पण मूळ चूक वेगळीच होती. विहिरीत पाणी आहे का, हे क्लाउड ठरवत होता. ढग वर, धुकं जमिनीलगत. सिस्कोच्या मंडळींनी २०१२ मध्ये फॉग हे नाव पुढे आणलं ते याच अर्थाने. मोटार, व्हॉल्व्ह, पाण्याची पातळी हे निर्णय डब्यातच व्हावेत. फ्लोट स्विच तर थेट स्टार्टरच्या वायरिंगमध्येच घ्या, म्हणजे डबा बिघडला तरी मोटार वाचते.

दुसरा घोळ घड्याळाचा. डब्यातल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाईट जाऊन आली आणि नेट नसलं, की नोंदींवर चुकीची वेळ पडते. डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं छोटं मॉड्यूल लावा. वेळेचा शिक्का डब्यातच मारा, क्लाउडवर पोचल्यावर नको. नाहीतर सहा तासांचा साठलेला ओलावा आलेखावर एकाच मिनिटात उभा राहतो.

दर दहा सेकंदांची नोंद म्हणजे एका सेन्सरच्या दिवसाला ८,६४०. मातीचा ओलावा काही इतक्या घाईत बदलत नाही. पंधरा मिनिटांची सरासरी वर पाठवा, कच्च्या नोंदी आठवडाभर खाली ठेवा.

बसवून झालं की मालकासमोर राऊटरची पिन काढा. एक पाळी पूर्ण होऊ द्या. मग मोबाईलवरून 'चालू' दाबा, दहा मिनिटं थांबा, पिन लावा. मोटार हलली, तर बिल घेऊ नका.