ओहोटीच्या वेळी किनारा कसा वाचावा

समुद्रकड्याकडे बघताना नजर आधी वर जाते. ती खाली आणा. समुद्र कडा पायथ्याशी पोखरतो. वरचा भाग मग स्वतःच्याच वजनाने ढासळतो.

आधी वेळ गाठा. भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघून ओहोटी पूर्ण व्हायच्या दोनेक तास आधी खाली उतरा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत लांब हटते, तेव्हा ते दिवस साधले तर उत्तम. पाणी फिरले की परत निघायचे. आणि धारदार कडांचे ताजे दगड जिथे पडलेले दिसतील, तिथे कड्याखाली क्षणभरही थांबू नका.

आता पायथा बघा. भरतीच्या रेषेजवळ खडकात आडवी खाच दिसली, तर ती लाटेची कामाची जागा. भेगेत लाट शिरली की आतली हवा दाबली जाते आणि पाणी मागे सरताच फटकन सुटते. पाणी खाचेपाशी असताना दर दहा सेकंदांना एक लाट धरली, तर तासाला ३६० हिसके! शिवाय लाट रिकाम्या हाताने येत नाही. तिने उचललेले वाळू-गोटे खडक घासत राहतात. जवळचा एखादा गोटा उचलून बोट फिरवा. कडा टोचल्या तर तो नुकताच तुटलाय. गुळगुळीत लागला तर बराच काळ लाटांत घोळलाय. मला विचाराल तर फोटोतल्या कमानींपेक्षा ही खाच जास्त बघण्यासारखी आहे.

तुम्ही उभे आहात तो सपाट खडकही निरखा. कडा मागे सरताना मागे राहिलेला हा त्याचा पाया. तो जितका रुंद, तितकी लाट कड्यापर्यंत पोचेस्तोवर दमते आणि झीज मंदावते.

मग भूशिराकडे वळा. उथळ पाण्यात लाटा वळतात आणि पुढे आलेल्या भूशिरावर त्यांचा जोर एकवटतो. तिथे भेगेची गुहा होते, गुहा आरपार गेली की कमान, कमानीचे छत पडले की समुद्रात एकटा स्तंभ. ऑस्ट्रेलियातल्या 'लंडन ब्रिज' नावाच्या दुहेरी कमानीचा किनाऱ्याकडचा भाग जानेवारी १९९० मध्ये कोसळला, तेव्हा दोन पर्यटक पलीकडच्या तुकड्यावर अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. माल्टाची 'अझुर विंडो' ही कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात गेली, खांबासकट.

झिजलेला माल जातो कुठे? पुळणीवर लाट तिरकी चढते का ते बघा. चढताना ती वाळू तिरकी नेते, उतरताना उतारावरून सरळ खाली आणते. अशी नागमोडी पावले टाकत वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने सरकते आणि किनारा जिथे वळतो तिथे तिचा दांडा तयार होतो. पाण्याच्या कडेला लाकडाचा तुकडा टाकून दहा मिनिटे बघितले तरी दिशेचा अंदाज येतो. फक्त वारा जोरात नको. इंग्लंडच्या चेसिल बीचवर तर गोट्यांची प्रतवारीच लागली आहे: पश्चिमेला वाटाण्याएवढे, पूर्वेला मुठीएवढे.

शेवटी एका न हलणाऱ्या खडकावरून फोटो काढा आणि दुसऱ्या ऋतूत तिथूनच पुन्हा काढा. वादळी लाटा पुळणीची वाळू ओढून पाण्याखाली साठवतात, शांत दिवसांत ती हळूहळू परत येते. म्हणून एका वादळानंतरच्या फोटोवरून 'किनारा गेला' असे ठरवू नका. कड्याचे मात्र तसे नाही. तिथून पडलेला दगड परत चढत नाही.