परत येणारा सोबती : रोलप्लेइंग गेमच्या पात्रासाठी पुनर्जन्माचा गुणविशेष कसा रचावा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधील (टेबलाभोवती बसून, फासे टाकत एकेका पात्राची भूमिका वठवायच्या खेळातील) पात्राला घोडा, कुत्रा किंवा विश्वासू नोकर सोबती म्हणून देणे ही जुनीच प्रथा आहे. तो सोबती मेल्यावर त्याचाच आत्मा नव्या देहात परत येतो, असे कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राचे गुण व आकडे नोंदवायच्या कागदावर, लिहायचे असेल, तर देह निवडण्याआधी त्याला मागच्या जन्माचे किती आठवते हे ठरवावे. सगळेच आठवत असेल, तर मृत्यू म्हणजे नुसते वेशांतर होते आणि पुढच्या लढाईत त्याच्या जिवाची काळजी कोणालाच उरत नाही. काहीच आठवत नसेल, तर तो साधा नवा प्राणी ठरतो.

या पेचाची उत्तम सोडवणूक बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या संस्कृत गद्यकथेत सापडते. पुंडरीक या मुनिकुमाराचा जीव आधी राजपुत्राचा मित्र वैशंपायन म्हणून आणि पुढे पोपट म्हणून जन्म घेतो. पण आपण पूर्वी कोण होतो, हे जाबाली ऋषींनी कथा सांगेपर्यंत त्या पोपटाला ठाऊक नसते. गेम मास्टरनेही, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणाऱ्यानेही, आठवणीची किल्ली अशी तिसऱ्याच व्यक्तीकडे, जागेकडे किंवा वस्तूकडे ठेवावी आणि ती खेळाडूला आधी सांगू नये.

नियम फारसे नव्याने रचावे लागत नाहीत. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत बीस्ट मास्टर रेंजरचा, म्हणजे प्राणी सोबत घेऊन लढणाऱ्या पात्राचा, प्राणी मेला, तर आठ तास खर्चून दुसऱ्या प्राण्याशी नाते जोडता येते. हा दुसरा प्राणी म्हणजे पहिल्याचाच आत्मा, एवढे मानले की एकही आकडा बदलत नाही. ‘फाइंड फॅमिलियर’ या स्पेलमध्ये (मंत्रात) तर फॅमिलियर, म्हणजे मंत्राने बोलावलेला प्राणिरूपी सोबती, शून्य हिट पॉइंटवर (जीवनशक्ती संपल्यावर) नाहीसा होतो आणि 10 गोल्ड पीसचा (खेळातील सोन्याच्या नाण्यांचा) कोळसा, धूप व वनौषधी जाळून स्पेल पुन्हा केला की हवे तर वेगळ्या रूपात परततो. ही सोय इतकी स्वस्त आहे, की तिच्यावर दुःखाचा प्रसंग उभा राहत नाही. गर्प्स या दुसऱ्या खेळात पात्राचे गुण ठरावीक पॉइंट खर्चून घेतात; त्याच्या चौथ्या आवृत्तीतील ‘अ‍ॅलाय’चा, म्हणजे सोबती या गुणविशेषाचा, हिशेब मला अधिक पटतो. सोबती पात्राइतक्याच पॉइंटांचा असेल आणि तीन फाशांची बेरीज 9 किंवा कमी आल्यावरच हजर होत असेल, तर त्याला 5 पॉइंट पडतात व तो साडेसदतीस टक्के वेळा येतो. मर्यादा 12 केली, तर 10 पॉइंट पडतात व शक्यता सुमारे 74 टक्के होते. त्याची पूर्वजन्मीची कौशल्ये जागी करायची असतील, तर 10 पॉइंटांचा ‘रीअवेकन्ड’ हा गुणविशेष त्याच्या स्वतःच्या हिशेबात धरावा.

पॉइंटांखेरीज कथेतही किंमत असावी. मृत्यू आणि पुनर्भेट यांच्यात निदान एक पूर्ण मोहीम जाऊ द्यावी, आणि ओळख पटवण्याचे काम सोबत्यावर न टाकता पात्रावर टाकावे. समजा, एका पहारेकरणीचा कुत्रा नेहमी तिच्या डाव्या हाताला, मागच्या वाटेकडे तोंड करून झोपत असे. पुढे एक डोमकावळा तिच्या डाव्या खांद्यावर पाठमोरा बसू लागतो. गेम मास्टरने हे दोन-तीन सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या बैठकींत, सहज बोलता बोलता सांगावे आणि गप्प राहावे. (मराठी मंडळींसमोर कावळा आणला, की कोणीतरी पिंडाचा विषय काढणारच, तो काढू द्यावा, कारण शंका त्यांच्याच तोंडून आलेली बरी.) फाशावर ‘ओळखले’ असा निकाल मात्र लावू नये.

सोबती माणूस असेल, तर सावधगिरी वाढवावी. मागच्या जन्मीचे प्रेम नव्या देहातील व्यक्तीवर आपोआप लादले जाऊ नये, आणि ती व्यक्ती लहान मूल असेल तर प्रेमकथेचा धागा तिथेच तोडावा. हे सर्व खेळाडूंशी पहिल्या सेशनआधीच बोलून घ्यावे. सोबत्याची भूमिकाही त्याच्या मालकाकडे न देता टेबलावरच्या दुसऱ्या खेळाडूकडे द्यावी. त्याला जुन्या सोबत्याची एकच सवय चिठ्ठीवर लिहून द्यावी आणि बाकीचा स्वभाव त्याच्यावर सोपवावा.