सत्तरीच्या काजूभट्ट्यांवर एक दिवस कसा घालवावा : नीरो, हुर्राक आणि फेणी

फेणीची बाटली गोव्यात कोणत्याही परवानाधारक दुकानात वर्षभर मिळते; परंतु ती ज्या रसातून उतरते तो रस, आणि त्या रसाची पहिली धार म्हणजे हुर्राक, यांची खरी ओळख काजूच्या हंगामात भट्टीवर, म्हणजे हा रस आंबवून गाळण्याच्या ठिकाणी, उभे राहिल्यावरच होते. त्यासाठी सत्तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले वाळपई हे लहानसे गाव सोयीचे आहे, कारण त्याच्या चहूबाजूंनी काजूच्या बागा आहेत आणि हंगामात आजूबाजूच्या वाड्यांमध्ये भट्ट्या पेटलेल्या असतात. एका दिवसात हे सर्व नीट पाहून आणि चाखून होते, मात्र त्यासाठी दिवसाची आखणी आपल्या सोयीने न करता भट्टीच्या कामाच्या क्रमाने करावी.

महिना आणि वाहन आधी ठरवावे

काजूचा हंगाम साधारण मार्चमध्ये जोर धरतो आणि मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर संपतो. एप्रिलचे पहिले दोन आठवडे मला सर्वांत योग्य वाटतात, कारण तेव्हा बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळे, भरपूर असतात आणि भट्टीवाल्यांचा हातही कामाला बसलेला असतो. फाल्गुनात शिमग्याच्या दिवसांत गावातील माणसे देवकार्यात गुंतलेली असतात, हे ध्यानात ठेवून तारीख निवडावी.

वाळपई पणजीपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे आणि तिथे कदंब परिवहनच्या बसगाड्या जातात. सावंतवाडी-दोडामार्गकडून येणाऱ्यांनी डिचोली आणि साखळीमार्गे, तर बेळगावकरांनी चोर्ला घाट उतरून केरीवरून यावे. स्वतःची गाडी आणल्यास ती चालवणाऱ्याने दिवसभर नीरो (काजूच्या बोंडूंचा न आंबलेला गोड रस) आणि सरबत यांवरच राहावे. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे, आणि घाटातल्या वळणांवर तर त्याहून कमी मद्यही घातक ठरू शकते. दिवसभरासाठी स्थानिक टॅक्सी ठरवणे हा उत्तम मार्ग आहे. शिवाय कोणती भट्टी आज चालू आहे याची माहिती त्या चालकाला बहुधा असते. गोव्यात मद्यप्राशनाची किमान वयोमर्यादा २१ वर्षे आहे.

जुने, गडद रंगाचे कपडे घालावेत, कारण काजूच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही. पाण्याच्या बाटल्या आणि टोपी बरोबर असावी.

सकाळी नीरोपासून आरंभ करावा

भट्टीवर सकाळी लवकर, शक्यतो नवाच्या आत पोहोचावे, कारण नीरोची वेळ तीच असते. काजूचे बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप खाली पडलेलेच गोळा करतात, त्यांची बी पिळून वेगळी काढतात आणि मग ते मळतात. पूर्वी हे काम दगडात खोदलेल्या उथळ कुंडीत पायांनी तुडवून होत असे. आता पुष्कळ ठिकाणी यंत्र आले आहे. मळून निघालेला पहिला रस आंबवण्यासाठी बाजूला जातो. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचतात, त्याला वेलीने किंवा दोरीने आवळतात आणि वर दगडांचे ओझे ठेवतात. त्या दाबाने रात्रभर थेंबथेंब निथळणारा स्वच्छ रस म्हणजे नीरो.

नीरोमध्ये मद्य नसते, त्यामुळे तो मुलांनाही देता येतो. तो गोड आणि सुगंधी असून शेवटी जिभेवर हलका तुरटपणा ठेवून जातो. उन्हात तो काही तासांतच आंबू लागतो, म्हणून भट्टीवरच, निथळल्यानंतर लगेच प्यावा. ज्याने काजूचे बोंडू नुसते चावून खाल्ले आहे आणि ज्याचा घसा त्याने धरला आहे, त्याला त्याच फळाचा हा सौम्य रस चाखून आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. मात्र कच्ची बी दातांनी फोडण्याचा मोह टाळावा, कारण टरफलातील तेलाने ओठ आणि कातडी भाजल्यासारखी होते.

भट्टी पाहताना काय पाहावे

भट्टी हे लोकांच्या कामाचे ठिकाण आहे आणि तिथे विस्तव असतो, म्हणून आधी विचारूनच आत जावे. छायाचित्रे घेण्यापूर्वीही परवानगी घ्यावी. काम थांबवून माहिती देणाऱ्याकडून काहीतरी विकत घेणे हे शिष्टाचाराला धरून आहे.

मळलेला रस मोठ्या भांड्यांत सुमारे तीन दिवस आंबतो. त्यात खमीर घालावे लागत नाही. फळावरच्या नैसर्गिक किण्वानेच तो फसफसतो. हा फेस अवश्य पाहावा. आंबलेला रस भाण नावाच्या तांब्याच्या भांड्यात लाकडांच्या जाळावर तापवतात आणि त्याची वाफ नळीवाटे थंड करून गाळतात. जुन्या पद्धतीत ही वाफ मडक्यात उतरवून त्या मडक्यावर सतत गार पाणी ओतत असत. आता बहुधा पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी हे काम करते. जाळ कमी-जास्त करणे ही भट्टीवाल्याची खरी विद्या आहे, कारण आच वाढली तर रस करपून धारेला जळका वास येतो. त्याला जाळाविषयी प्रश्न विचारावेत. माझ्या मते भट्टीवरचे सर्वांत मोलाचे ज्ञान या प्रश्नांच्या उत्तरांतच मिळते.

हुर्राक, मग जेवण, मग फेणी

पहिल्या गाळपात उतरतो तो हुर्राक. त्यात साधारण १५ टक्के मद्यार्क असतो आणि त्याच्या चवीत फळाचा अंश स्पष्ट जाणवतो. तो फार काळ टिकत नाही, त्यामुळे हंगाम सरला की तोही दिसेनासा होतो. सत्तरीला हंगामात येण्याचे मुख्य कारण तेच. आधी काही न मिसळता एक घोट घ्यावा, म्हणजे मूळ चव कळते. नंतर लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबाचा सोडा घालून गोव्याच्या पद्धतीने प्यावा. सौम्य लागतो म्हणून तो जास्त प्यायला जातो आणि दुपारच्या उन्हात त्याचा परिणाम उशिरा जाणवतो, म्हणून एका पेल्यावर थांबावे.

यानंतर वाळपईत पोटभर जेवावे. जेवणासोबत भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांची कढी घ्यावी. ती तोंडातला तुरटपणा धुऊन काढते. उन्ह उतरेपर्यंतच्या वेळात जवळच्या नाणूस किल्ल्याची जागा पाहता येते, जिथून १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड पुकारले.

फेणी दुपारनंतर चाखावी. हुर्राक आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी तयार होते आणि तिची तीव्रता ४० टक्क्यांच्या वर जाते. बाटलीवर सहसा ४२.८ टक्के असे छापलेले असते. भट्टीवर हेच माप ‘ग्राव’ या जुन्या एककात सांगतात. अनुभवी माणूस मात्र बाटली हलवून वर येणाऱ्या बुडबुड्यांवरूनही तीव्रता ओळखतो आणि ते करून दाखवायला सांगितले तर आनंदाने दाखवतो. चाखताना पेल्यात जेमतेम १५ मिलिलिटर घ्यावी. प्रथम वास घ्यावा, दोन-चार थेंब तळहातावर चोळून पुन्हा हुंगावे, मग लहान घोट घेऊन तो तोंडात फिरवावा आणि शेवटी थोडे पाणी मिसळून परत चाखावी. पहिल्या उग्र वासाने अनेकजण मागे सरतात. पाणी मिसळल्यावर त्यातून पिकलेल्या बोंडूचा गंध मोकळा होतो, म्हणून तोपर्यंत मत बनवू नये. दोन वेगवेगळ्या भट्ट्यांची फेणी शेजारी ठेवून चाखल्यास जाळाचा आणि हाताचा फरक लगेच लक्षात येतो.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले; त्याच्या फळापासून फेणी गाळण्याची रीत मात्र गोव्याच्या माणसांनी घडवली. या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

परतताना

फेणी परवाना क्रमांक छापलेल्या, मोहोरबंद बाटलीतच आणि पावतीसह घ्यावी; सुटी फेणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून घेऊ नये. गोव्याबाहेर मद्य नेण्यास परवाना लागतो, आणि गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य विनापरवाना महाराष्ट्रात आणल्यास सीमेवरील तपासणीत ते जप्त होऊन गुन्हाही दाखल होऊ शकतो. त्यामुळे सिंधुदुर्ग किंवा कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी आधी गोव्याच्या अबकारी कार्यालयात चौकशी करावी, अथवा मद्य तिथेच चाखून पिशवीत फक्त भिरंडाचे आगळ, सोले आणि भाजलेले काजूगर न्यावेत.