‘लेकव्ह्यू टेरेस’ बघणार असाल तर असा बघा

2008 चा पिक्चर आहे, नील लाब्यूटचा, सॅम्युएल जॅक्सन आहे त्यात. बरेच जण "शेजारी सायको निघतो" एवढंच समजून बघतात आणि सोडून देतात, मला ते फार खटकतं, म्हणून लिहितोय.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट वाचून घ्या. लेक व्ह्यू टेरेस ही लॉस एंजेलिसमधली खरी वस्ती आहे, 3 मार्च 1991 ला मध्यरात्रीनंतर रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी बेदम मारलं ते इथेच, आणि समोरच्या एकाने बाल्कनीतून व्हिडिओ काढला म्हणून ते जगाला कळलं. 29 एप्रिल 1992 ला कोर्टात ते पोलीस सुटले आणि शहर पेटलं, 60 च्या वर माणसं गेली. आता याच वस्तीत पिक्चरमधला पोलीस काळा आहे, एबल टर्नर, आणि शेजारी नवीन राहायला आलेलं जोडपं म्हणजे नवरा ख्रिस गोरा, बायको लिसा काळी. म्हणजे वर्दी कोणाच्या अंगावर आहे ते उलटं केलंय, ते डोक्यात ठेवून बघाल तर प्रत्येक सीनचं वजन बदलतं.

पहिला अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवाच. भांडण मोठ्या गोष्टीवरून सुरूच होत नाही. एबलच्या घरावरचे सिक्युरिटी लाइट यांच्या बेडरूममध्ये येतात, मग सिगरेटची थोटकं, मग कुंपणालगतची झाडं. ख्रिस गाडीत रॅप ऐकत असतो तेव्हा एबल त्याला सुनावतो की हे कितीही ऐकलंस तरी सकाळी उठशील तेव्हा गोराच असशील. हसत हसत बोलतो, आणि तिथेच अंगावर येतं. जॅक्सनचा आवाज डबिंगमध्ये घालवू नका, इंग्लिशच लावा, सबटायटल ऑन करून.

लिसाकडे जास्त लक्ष द्या. दोन्ही पुरुष एकमेकांना धडा शिकवण्यात गुंतलेले असतात आणि तिला काय वाटतं ते विचारायला कोणाला वेळ नसतो, तिचे वडीलसुद्धा जावयाशी तुटकच. केरी वॉशिंग्टनने हे फार न बोलता दाखवलंय. आणि मागे डोंगरावर वणवा लागलेला आहे, तो किती जवळ आलाय ते अधूनमधून बघत राहा.

बारमधला सीन आला की थोडं मागे घेऊन परत बघा, एबलचा राग कुठून येतो ते तिथे कळतं. माझ्या मते पिक्चर इथेच थोडा कच खातो, कारण एवढा मोठा प्रश्न एका माणसाच्या खाजगी दुःखावर नेऊन ठेवतो, आणि शेवटची वीसेक मिनिटं तर नेहमीचा गोळीबार. तरी त्यासाठी आधीचं सगळं वाया गेलं असं समजू नका.

एकट्याने बघण्यापेक्षा चार जणांत बघा आणि नंतर बोला. आपल्याकडे आडनाव विचारून फ्लॅट नाकारतात, त्यातून गेलेला कोणी सोबत असेल तर त्याला आधी बोलू द्या. लहान मुलं नकोत, भाषा आणि मारामारी दोन्ही जड आहे.