ऑफिसचं एकत्र जेवण: प्रत्येकाचं खाणं वेगळं असेल तर बिल कसं वाटावं?

टीम जेवायला जाते, बिल येतं, कुणीतरी एकूण रकमेला माणसांच्या संख्येने भागतं आणि विषय मिटतो. सगळ्यांचं खाणं साधारण सारखं असेल तर ही पद्धत चांगलीच आहे. आज एकाला थोडं जास्त पडलं, उद्या दुसऱ्याला, आणि काही महिन्यांत फिट्टंफाट होते. पण जो मांस खात नाही, दारू पीत नाही किंवा ॲलर्जीमुळे टेबलावरचे निम्मे पदार्थ टाळतो, त्याची फिट्टंफाट कधीच होत नाही. दर वेळी त्यालाच जास्त पडतं. सहकाऱ्यांसमोर पैशांवरून बोलणं जड जातं, म्हणून तो भिडेखातर देत राहतो, नाहीतर हळूहळू यायचंच टाळतो. हे थांबवणं अवघड नाही. फक्त वाटणी मागवण्याआधी ठरली पाहिजे.

आधी विचारा, पण कारण विचारू नका

जो जेवण ठरवतो त्याने प्रत्येकाला वेगळा मेसेज करावा: "खाण्यात काही टाळायचं आहे का?" एवढंच पुरे. का टाळायचं, ते धर्मामुळे की आजारामुळे, हे त्याचं त्याच्याकडे राहू द्या. ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं तर बरेच जण "काहीही चालेल" म्हणून मोकळे होतात.

उत्तरं मात्र गांभीर्याने घ्या. जगात साधारण १ टक्का लोकांना सीलिॲक आजार असतो. त्यांना गव्हातलं ग्लूटेन अजिबात चालत नाही, अगदी त्याच तेलात तळलेलं किंवा त्याच सुरीने कापलेलंसुद्धा. असा माणूस मधे ठेवलेल्या पदार्थांना हात लावणार नाही. म्हणजे त्या पदार्थांच्या खर्चातही त्याचं नाव नको.

पद्धत जाहीर करा

"मधे ठेवलेलं सगळ्यांत, मांसाहारी पदार्थ खाणाऱ्यांत, दारू पिणाऱ्यांत." हे एक वाक्य आमंत्रणातच लिहा. नंतर कुणाला घासाघीस करावी लागत नाही, आणि मागवतानाही हात आपोआप आवरतो. २००४ साली 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये आलेल्या एका अभ्यासात सहा-सहा जणांचे गट खऱ्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसवले होते. बिल समान वाटलं जाणार हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी आपापलं भरणाऱ्यांपेक्षा माणशी एक तृतीयांशाहून जास्त रकमेचं मागवलं.

प्रत्येक जण आपलं वेगळं ताट मागवणार असेल तर सरळ टीटीएमएम करा आणि बिलं वेगळी मिळतील का ते बसतानाच विचारा.

हिशेब तीन खात्यांत मांडा

समजा, ८ जण आहेत. कर धरण्याआधी बिल २४०० (चलन कुठलंही धरा). सगळ्यांनी खाल्लेलं ९६०, मांसाहारी पदार्थ ९०० आणि खाणारे ५, दारू ५४० आणि पिणारे ३. हे तिघे त्या पाचांतलेच. मग पहिल्या खात्यात माणशी १२०, दुसऱ्यात १८०, तिसऱ्यातही १८०.

आता कर आणि टिप. ती माणशी सारखी वाटू नका, कारण ती रकमेवर लागते. एकूण दिलेल्या पैशांना कराआधीच्या रकमेने भागा. इथे २७६० भागिले २४०० म्हणजे १.१५. प्रत्येकाचा वाटा या आकड्याने गुणा. बिलावर सूट मिळाली असेल तरी हेच करा. दारूवर वेगळा कर असेल तर तो पिणाऱ्यांच्या खात्यात टाका.

शाकाहारी तिघांना १३८ पडतात, मांसाहार करून दारू न पिणाऱ्या दोघांना ३४५, आणि उरलेल्या तिघांना ५५२. समान वाटणीत प्रत्येकाला ३४५ आले असते. म्हणजे मधल्या दोघांना काहीच फरक पडत नाही. "चाललंय ते बरं चाललंय" असं त्यांना मनापासून वाटतं, म्हणून त्यांच्या मतावर पद्धत ठरवू नका.

गरज महाग पडली तर

माझ्या मते इथे आवड आणि गरज वेगळी धरावी. आवडीने महागडं मागवलं तर पैसे ज्याचे त्याने द्यावेत. पण ॲलर्जीमुळे किंवा श्रद्धेमुळे एखाद्याला २०० चं वेगळं ताटच घ्यावं लागलं आणि इतरांचं साधं जेवण १२० त होत असेल, तर त्याच्याकडून १२० च घ्यावेत. वरचे ८० बाकी ७ जणांत गेले की माणशी १२ सुद्धा पडत नाहीत. जागा सगळ्यांनी निवडली, तर तिथली अडचणही सगळ्यांची.

ज्याचा उपवास आहे आणि जो फक्त सोबतीला आला आहे, त्याच्याकडून काहीही घेऊ नका. पाहुणा म्हणून बोलावलेल्याचा वाटा इतरांनी उचलावा.

पैसे गोळा करताना

एकाने बिल भरावं, त्याच दिवशी बिलाचा फोटो आणि तीन खात्यांचा हिशेब ग्रुपवर टाकावा. कुणाचे किती ते ज्याला त्याला वेगळं कळवावं. सुटे पैसे वरच्या आकड्याला पूर्ण करून भरणाऱ्याला द्यावेत, त्याने खटाटोप केलेला असतो. कुणाचे राहिले असतील तर त्याला एकट्यालाच आठवण करावी.