ड्राफ्टच्या आधी डिफेन्सची पोरं कशी बघायची

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मोठी लीग, तिच्या टीम्स दरवर्षी कॉलेजच्या पोरांमधून एकेक खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट. फेब्रुवारी संपत आला की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तेच, अमक्याने ४० यार्ड इतक्या सेकंदात मारले, तमक्याने बेंच प्रेसला एवढे रेप्स काढले, आणि मग सगळेच स्काउट (खेळाडू हेरणारे). ऑफेन्सवाली पोरं बघणं तसं सोपंय हो, बॉल कुठे गेला ते दिसतं. डिफेन्सवाल्याचं अर्धं काम म्हणजे बॉल आपल्याकडे येऊच द्यायचा नाही, त्यामुळे तो जेव्हा भारी खेळतो तेव्हा टीव्हीवर नेमकं काहीच दिसत नाही. म्हणून मी कसं बघतो ते लिहितोय, पटलं तर घ्या.

पहिलं म्हणजे सॅकच्या आकड्यापासून सुरुवात करू नका (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला, बॉल फेकणाऱ्याला, फेकायच्या आधीच पाडणं). आणि कंबाइनच्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांच्या, आकड्यापासून तर अजिबातच नको. व्हर्नन गोल्स्टन आठवतोय का कुणाला? ओहायो स्टेट कॉलेजकडून २००७ च्या सीझनमध्ये १४ सॅक, कंबाइनला २२५ पौंडांचा बार ३७ वेळा उचलला, अंग असं की पुतळा करून चौकात उभा करावा. २००८ ला जेट्सने सहाव्या नंबरवर घेतला. तीन सीझन खेळला तिथे, सॅक किती? शून्य. एकसुद्धा नाही. आणि उलटं उदाहरण टेरेल सग्सचं, ॲरिझोना स्टेटकडून २००२ ला २४ सॅक मारले होते, पण ड्राफ्टच्या आधी ४० यार्डात हळू पळाला म्हणून लोकांनी नाकं मुरडली, २००३ ला रेवन्सने दहाव्यावर उचलला आणि करिअरला १३९ सॅक. म्हणजे पहिल्याला आकड्यांनी वर चढवला, दुसऱ्याला आकड्यांनी खाली ओढला, आणि दोघांच्याही बाबतीत लोक घड्याळाकडेच बघत बसले.

मग बघायचं काय, तर एकेक प्ले. एज रशरपासून (लाइनच्या टोकावरून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) सुरू करा, सगळ्यात सोपा. हायलाइट्स नाही, पूर्ण मॅच लावा, आणि अशी मॅच की समोरचा टॅकलसुद्धा (त्याला अडवणारा ऑफेन्सचा खेळाडू) ड्राफ्टमध्ये जाईल असा आहे, छोट्या कॉलेजला ४५-३ ने चोपलेली मॅच बघून काही कळत नाही. स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू होतो त्या क्षणाच्या) आधी पॉज करा. आता हळूहळू सोडा. बॉल हलला आणि हा हलला यात किती अंतर पडलं? पहिलं पाऊल पुढे पडतंय की आधी अर्धं पाऊल मागे घेऊन मग निघतोय? मग हात. समोरच्याने छातीवर पंजे टेकवले की खेळ खल्लास होतो की हा ते हात झटकून टाकतो? मग वळण, म्हणजे टॅकलच्या बाहेरून कोपऱ्यावर वळताना खांदा खाली जाऊन अंग तिरकं होतं का, बाइकवाला घाटात वळणावर झुकतो तसं, की हा आपला ताठच धावतोय आणि क्वार्टरबॅकच्या मागून पार निघून जातो. आणि शेवटचं, पहिला डाव फसला तर दुसरा डाव आहे का? कॉलेजमध्ये बऱ्याच पोरांचा एकच डाव असतो आणि तिथे तो पुरतो, एनएफएलमधले टॅकल दोन सिरीजमध्ये (ऑफेन्सच्या दोन पाळ्यांत) तो ओळखतात.

मी एक साधी वही ठेवलीये. त्यातली गेल्या वर्षीची एक नोंद जशीच्या तशी देतो, नाव नाही लिहीत (क्यूबी म्हणजे क्वार्टरबॅक, थर्ड डाऊन म्हणजे तिसरा प्रयत्न आणि ८ यार्ड बाकी): "थर्ड डाऊन, ८ यार्ड. पहिलं पाऊल बरं. हात उशिरा. अडकला. दुसरा मूव्ह नाही. क्यूबी घाबरून स्वतःच याच्या अंगावर आला. सॅक." स्टॅट शीटवर हा एक सॅक, माझ्या वहीत शून्य. असे शून्यवाले सॅक वेगळे काढले ना की कधीकधी १० सॅकवाल्याचे ४ उरतात. आणि ज्याने क्यूबीला पळवून दुसऱ्याच्या तोंडी दिला त्याला कोणी विचारत नाही, तो शोधा.

आतल्या डिफेन्सिव्ह टॅकलला (लाइनच्या मधोमध उभा राहणारा डिफेन्सवाला) हेच लागू, फक्त तिथे दोघं दोघं येऊन ढकलतात तेव्हा हा मागे सरकतो का तेवढं जास्तीचं बघा. उंची-वजनावर जाऊ नका. ॲरन डोनल्ड पिट (पिट्सबर्ग) कॉलेजात २०१३ ला ११ सॅक काढून बसला होता, सीनियर बोलच्या (ड्राफ्टआधीची निवडक कॉलेज खेळाडूंची मॅच) प्रॅक्टिसला समोरच्यांची दैना केली, तरी सहा फूट एक इंच, २८५ पौंड म्हणजे या जागेला लहान म्हणून २०१४ ला तेराव्या नंबरपर्यंत खाली आला. पुढे तीनदा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. ज्या १२ नावांनंतर तो गेला त्यांची यादी एकदा काढून बघा, करमणूक होईल.

लाइनबॅकरमध्ये (लाइनच्या मागे उभे राहणारे) मी स्वतः आपटलोय. एक पोरगा होता, सीझनला शंभरच्या वर टॅकल (इथे टॅकल म्हणजे बॉलवाल्याला पाडणं), मी त्याला माझ्या बोर्डवर, म्हणजे पसंतीच्या यादीत, पहिल्या राउंडमध्ये टाकला, ग्रुपवर भांडलो पण. नंतर परत फिल्म बघितली तर निम्मे टॅकल रनर सहा-सात यार्ड काढून गेल्यावर मागून धरलेले. टॅकल किती यापेक्षा टॅकल कुठे झाला ते मोजा. प्ले ॲक्शनला हा किती फसतो तेही बघा, क्यूबीने हँडऑफचं (रनरच्या हातात बॉल देण्याचं) नाटक केलं की याचे पाय पुढे धावतात आणि मागे टाइट एंड (पास घेणारा ऑफेन्सवाला) मोकळाच. आणि टॅकलची पद्धत, ती आपल्या लोकांना शिकवायची गरजच नाही, कबड्डीत पकड करताना जो आधीच झेप घेतो त्याच्या हातात फक्त माती येते, इथेही तसंच. जवळ आल्यावर पावलं छोटी करून मग जो आत शिरतो तो आपला.

आता कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) राखणारा. हा सगळ्यात अवघड आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, घरी बसून यात निम्माच अंदाज येतो, कारण टीव्हीचा कॅमेरा बॉलवर आणि कॉर्नर फ्रेमच्या बाहेर. रिप्ले येतो तो पण बॉल त्याच्याकडे टाकला असेल तरच. इंटरसेप्शनच्या (समोरच्याचा पास मध्येच पकडणं) आकड्यावर फार भरवसा नको, चांगल्या कॉर्नरकडे कोणी बॉल टाकतच नाही. सॉस गार्डनरने सिनसिनाटीत तीन सीझन कव्हरेजमध्ये एक टचडाऊन दिला नाही, तसलं रेकॉर्ड दिसलं तर ते इंटरसेप्शनपेक्षा वजनदार. दोन नियम मात्र डोक्यात ठेवा. कॉलेजमध्ये बॉल हवेत जाईपर्यंत रिसीव्हरला ढकलाढकली चालते, एनएफएलमध्ये ५ यार्डानंतर हात लावला की फ्लॅग. म्हणजे जो पोरगा पूर्ण रूटभर रिसीव्हरला चिकटून हात मारत असतो त्याचे ते सगळे प्ले वहीत वेगळ्या रंगात लिहा, वर गेल्यावर त्यातले अर्धे पेनल्टी आहेत. दुसरं, कॉलेजच्या हॅश मार्क्समध्ये (प्ले सुरू करताना बॉल ज्या दोन खुणांच्या ओळींच्या आत ठेवतात त्या) ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे कॉलेजात एका बाजूला मैदान ऐसपैस आणि दुसऱ्या बाजूला अगदी चिंचोळं होतं, तुमचा पोरगा कायम चिंचोळ्या बाजूलाच उभा राहत असेल तर साइडलाइनने त्याचं निम्मं काम केलेलं असतं हे विसरू नका.

सेफ्टीबद्दल (डिफेन्सच्या सगळ्यात मागे उभा राहणारा) एवढंच, ४० यार्डच्या टायमिंगवरून कोणाला खाली ढकलू नका. काइल हॅमिल्टन कंबाइनला ४.५९ सेकंदात पळाला, बोंबाबोंब झाली, २०२२ ला चौदाव्या नंबरवर रेवन्सला मिळाला आणि पुढच्याच वर्षी ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत.

मग कंबाइन बघायचंच नाही का? बघा ना, पण वही भरून झाल्यावर. आकडा फिल्मशी जुळला तर पुढे चला, नाही जुळला तर परत फिल्म लावा. एज रशरचे पूर्ण ४० यार्ड नका बघू, पहिले १० बघा, तो ४० यार्ड सरळ पळणार कधी? हातांची लांबी बघा, ३३ इंचांच्या खाली असली की टीम्स कुरकुरतात, पण एडन हचिन्सनचे हात त्याहून आखूडच आहेत आणि त्याचं काही अडलेलं नाही. वय बघा, २४ वर्षांचा बाप्या १९ वर्षांच्या पोरांना लोळवतोय तर त्यात किती मोठं काय.

आणि कोच त्याच्याकडून काय करून घेत होता तेही बघा. २०२२ ला जॅक्सनव्हिलने पहिल्या नंबरवर ट्रॅव्हॉन वॉकर घेतला, जॉर्जियात त्याचे सगळे मिळून साडेनऊ सॅक, आणि दुसऱ्यावर डेट्रॉइटने हचिन्सन, ज्याने मिशिगनमध्ये शेवटच्या एका सीझनलाच १४ मारले होते. लोक हसले. पण जॉर्जियात वॉकर बरेचदा आत उभा राहून दुसऱ्यांसाठी जागा अडवत होता, सॅक मारायला त्याला मोकळं सोडलंच कुठे होतं. मी असतो तरी हचिन्सनच घेतला असता, ते वेगळं, पण वॉकरनेही २०२३ ला १० सॅक काढलेच.

गुडघा, खांदा, मेडिकल वगैरे सोडून द्या, ते टीमच्या डॉक्टरांना माहीत, आपण बाहेरून नुसत्या पुड्या सोडतो.

टायमिंगचं म्हणाल तर पहिला राउंड आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो, दुसरा-तिसरा शनिवारी पहाटे साडेचारला, ऑफिस असेल तर जागणं आपापल्या जबाबदारीवर. मी मात्र चौथ्या राउंडसाठी थांबतो, तो शनिवारी रात्री साडेनऊला, जेवून बसायचं आरामात. रिचर्ड शर्मन पाचव्या राउंडचा, स्टॅनफर्डमध्ये आधी रिसीव्हर होता. मॅक्स क्रॉसबी चौथ्या राउंडचा, ईस्टर्न मिशिगनचा. वहीत ज्यांच्यापुढे सॅक कमी पण खुणा जास्त आहेत अशी चार-पाच नावं कोपऱ्यात लिहून ठेवा आणि त्या रात्री त्यातलं एखादं पुकारलं गेलं की ग्रुपवर स्क्रीनशॉट टाका, तारखेसकट, नाहीतर कोणी मानत नाही.